डब्यातलं अक्षर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा आठवीनंतर इचलकरंजीच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागले, आईचं दहावीनंतर लग्न झालं, आणि पुढे आम्ही दुबईजवळ अजमानला आलो. त्यामुळे कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे घरी कोणाला विचारता येत नव्हतं आणि कॉलेजात विचारायचा मला संकोच वाटायचा. वर्गात सगळ्यांच्या जोड्या पहिल्याच दिवशी ठरून गेल्या. उरलो आम्ही दोघी, मी आणि खिडकीजवळ बसणारी, आफ्रिकेतल्या गिनी देशाची एक मुलगी. एकाच वर्गात असूनही आम्ही असाइनमेंटची तारीख विचारण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो.

कँटीनमध्ये बसल्यावर मी तिला म्हटलं, "माझ्याकडे विषय नाही. तू म्हणशील ते करू."

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पण सर म्हणतील, हे प्रोजेक्ट नाही, तुझ्या घरचं काम आहे."

तिने टिश्यू पेपरवर उजवीकडून सुरुवात करून एक अक्षर काढलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला ते अरबी वाटलं. इथे उजवीकडून लिहिलेलं काहीही दिसलं की ते अरबीच असणार असं आपण धरून चालतो. मी तसं म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, सगळे हेच म्हणतात.

ते अदलम लिपीतलं अक्षर होतं. तिच्या घरी पुलार बोलतात. पश्चिम आफ्रिकेत फुला लोक बऱ्याच देशांत पसरलेले आहेत, त्यांच्या भाषेचं हे एक रूप. ही भाषा लिहायची तर अरबी नाहीतर फ्रेंच अक्षरं उसनी घ्यावी लागत, आणि त्यांतले काही आवाज त्या अक्षरांत नीट बसत नसत. मग त्यांच्याच लोकांनी घरी बसून स्वतःची लिपी तयार केली. हे फार जुनं नाही, तिच्या आईच्या हयातीतलं आहे. ही लिपी शाळांपेक्षा बाजारांतून जास्त पसरली. कापड विकणाऱ्या बायका गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकमेकींना शिकवायच्या. तिची आई कधीच शाळेत गेली नाही, पण थोरल्या बहिणीशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून ती वाचायला शिकली.

"हे अक्षर 'ब'सारखं आहे," मैत्रीण म्हणाली, "फक्त श्वास बाहेर सोडायचा नाही, आत ओढायचा." तिने करून दाखवलं. मी करून पाहिलं, तर पलीकडच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या आईचं अजमानमध्ये शिवणकामाचं दुकान आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या लोकांची मुलं ही लिपी शिकायला येतात. आता ती गळायला लागली होती. मुलांच्या हातात जुने, वापरून विकलेले टॅब. नव्या फोनवर ही अक्षरं दिसतात, पण या टॅबवर ना दिसत, ना लिहिता येत. "आणि जे टॅबवर येत नाही, ते त्यांच्या दृष्टीने नसतंच," ती म्हणाली. आईबापांनीही सांगून टाकलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पाठवू, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या आईला तो वर्ग बंद पडू द्यायचा नाहीये," ती म्हणाली. "एवढाच विषय आहे माझा."

मी हो म्हटलं. ते काम कसं करायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

पुढच्या शनिवारी मी वर्ग बघायला गेले. पुढे दुकान, मागे कापायचं मोठं टेबल, आणि टेबलाभोवती प्लास्टिकच्या स्टुलांवर मुलं. पाट्या नव्हत्या. आंटीने, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, अबाया म्हणजे बायकांचे पायघोळ झगे शिवून उरलेले काळे तुकडे मुलांना वाटले होते आणि मुलं त्यांवर शिंप्याच्या खडूने लिहीत होती. चुकलं की कापड झटकायचं, की पुन्हा कोरं. मला ती पद्धत फार आवडली. आंटी उंच, आवाज मोठा, गळ्यात मोजपट्टी. कापडवाल्यांशी बोलून बोलून तिचं हिंदी माझ्यापेक्षा वेगवान झालं होतं.

"तुम मेरी बेटी का पार्टनर?" तिने मला विचारलं. "अच्छा है. वो पढ़ाई में बहुत बात करती है, तुम चुप दिखती हो. तुम लोग मिलके एक नॉर्मल लड़की बनेगी."

मुलं आपापसांत इंग्लिश बोलत होती, आमच्या बिल्डिंगमधली मुलं बोलतात तशीच. आंटी पुलारमध्ये विचारायची, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मला आमचं घर आठवलं. आई मराठीत हाक मारते आणि धाकटी बहीण आतून 'कमिंग' म्हणते.

वर्ग सुटताना एका मुलीचे वडील न्यायला आले. ते कार्गो कंपनीत होते, गळ्यात अजून कामाचं ओळखपत्र लटकत होतं. दारात उभे राहून ते आंटीशी बोलले. आवाज चढवून नव्हे, अदबीनेच. मैत्रिणीने मला हळूच सांगितलं, "ते म्हणतायत, इंग्लिशने नोकरी मिळते, अरबीने शाळेत मार्क मिळतात, फ्रेंचने गिनीत गेल्यावर काम भागतं. हिने काय मिळतं, मादाम?"

"आणि आई काय म्हणाली?"

"म्हणाली, पुढच्या शनिवारी सांगते."

मला सुचलेला पहिला माणूस म्हणजे बाबा. बाबा अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहेत. अक्षरं हाच त्यांचा धंदा. अरबी, इंग्लिश, मल्याळम, उर्दू, कोणत्याही भाषेतलं नाव द्या, ते व्हिनाइलमध्ये नाहीतर अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून देतात. भाषा येत नाही, पण कुठलं अक्षर कुठे जाड आणि कुठे बारीक हे डोळ्यांना बरोबर कळतं. मी आणि मैत्रीण दुपारी वर्कशॉपवर गेलो आणि अदलम अक्षरांची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली. पडद्यावर नुसते चौकोन उमटले. रिकामे डबे, ओळीच्या ओळी.

"हे काय आणलंस?" बाबा म्हणाले. "डब्यांचं दुकान काढताय का दोघी?"

"बाबा, ही अक्षरं आहेत."

"मग यांना आत कोंडलंय कोणी?"

मैत्रिणीला मराठी येत नव्हतं, पण बाबांचा चेहरा बघून ती हसली. बाबांनी चष्मा वर केला, डब्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दिसत नाहीत ना? मग आपण काढू. मराठी काय आपोआप आलं होतं का कॉम्प्युटरवर? आम्हीच आणलं."

आणि खरंच, बाबांच्या पिढीने तसंच आणलं होतं. डीटीपी सेंटरमध्ये ते लग्नपत्रिका लावायचे तेव्हा कॉम्प्युटरला मराठी कळत नव्हतं. त्याला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय. फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे भरलेले असायचे. कॅपिटल एच दाबला की 'क'चा पुढचा भाग यायचा, त्याला डॉलरचं चिन्ह जोडलं की 'क' पूर्ण व्हायचा. बाबांना तो सगळा कीबोर्ड अजून पाठ आहे. त्यांनी तीच युक्ती इथे लावायची ठरवलं.

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ते आमच्याबरोबर आंटीच्या दुकानात आले. आंटीने टेबलावर काळं कापड पसरलं आणि खडूने एकेक अक्षर हातभर मोठं काढलं. बाबा स्टुलावर चढून वरून फोनने फोटो काढत होते. त्या श्वास आत ओढायच्या अक्षरापाशी आल्यावर आंटीने नुसतं अक्षर न काढता एक शब्द लिहिला, ज्यात ते अक्षर पुन्हा पुन्हा येतं, आणि मोठ्याने म्हणून दाखवला. आमच्या कानाला तो 'बिब्बे' असा लागला.

बाबा स्टुलावरूनच म्हणाले, "बिब्बे? बहनजी, हमारे गाँव में बिब्बा पाँव को लगाते हैं. एड़ी फटती है ना, उसके लिए."

"हमारे में बिब्बे मतलब बच्चा लोग," आंटी म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. "वो भी पाँव को ही लगे रहते हैं."

आंटी इतकी हसली की खडू मोडला.

त्या फोटोंवरून बाबांनी अक्षरं गिरवली आणि इंग्रजी कळांवर बसवली. बी दाबला की आतल्या श्वासाचा 'ब'. मैत्रिणीने तो फॉन्ट तिच्या लॅपटॉपवर टाकला आणि आम्ही लिहून पाहिलं. अक्षरं आली. डबे नाहीत, खरी अक्षरं, आणि आंटीच्या हाताचं वळण त्यांत जसंच्या तसं. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी खांदे उडवले. हे तर काहीच नाही, अशा अर्थाने. आंटीने पडद्याला बोट लावून ओळ वाचली आणि लगेच ठरवून टाकलं: या शनिवारी मुलं गिनीतल्या आपल्या माणसांना लिहितील. आईबापांनाही तिने थांबायला सांगितलं.

त्या शनिवारी दुकानात दाटी झाली होती. मुलं पाळीपाळीने लॅपटॉपवर बसली आणि प्रत्येकाने एकेक ओळ लिहिली. कोणी आजीला, कोणी मावसभावाला. ज्यांच्या घरी लिपी वाचणारं कोणी नव्हतं, त्यांनी गिनीतल्या आंटीच्या थोरल्या बहिणीलाच लिहिलं. आंटीने स्वतः शेवटची ओळ घातली. मैत्रिणीने ती फाइल आंटीच्या फोनवरून तशीच सगळ्यांना पाठवून दिली. दारातले कार्गोवाले वडीलसुद्धा पुढे येऊन पडद्याकडे बघून गेले. मला वाटलं, झालं आपलं काम.

थोड्या वेळाने आंटीच्या बहिणीचा फोन आला. आंटीने स्पीकर लावला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. पलीकडचा आवाज घाबरलेला होता. मैत्रिणीचा चेहरा उतरत गेला, तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"मावशी विचारतेय, तुझा फोन कोणी चोरला?"

तिकडे फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसत होता. बी, के, डॉलर, स्वल्पविराम. मावशीला ती अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून ती फोन घेऊन शेजारच्या मास्तरांकडे गेली. त्यांनी सांगितलं, हे फ्रेंच नाही, इंग्लिश नाही, कसलंच काही नाही. तिला वाटलं बहिणीचं परदेशात काहीतरी बरंवाईट झालं आणि तिचा फोन चोराच्या हातात आहे. मग एकेका घरून तसेच फोन यायला लागले. मुलं खिदळत होती. आंटीही हसली, पण तिचा हात मोजपट्टीची गुंडाळी करत होता आणि पुन्हा सोडत होता.

कार्गोवाले मुलीची बॅग उचलता उचलता आंटीला म्हणाले (मैत्रिणीने मला हे घरी जाताना बसमध्ये सांगितलं), "आधी फक्त मुलांना वाचता येत नव्हतं, मादाम. आता आजीलाही येत नाही."

काय चुकलं ते मला त्या बसमध्येच कळलं. बाबांचा फॉन्ट फक्त या लॅपटॉपवर होता. फाइलमध्ये आत इंग्रजीच होतं, वरून अदलमचे कपडे घातलेलं. फाइल गिनीला पोचली आणि कपडे इथेच राहिले. कॉम्प्युटरमध्ये अक्षर म्हणजे चित्र नसतं, क्रमांक असतो, जगभर ठरवून दिलेला, हे मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत व्याख्या म्हणून लिहिलेलं होतं. पण परीक्षेत लिहिलेल्या गोष्टीचा आणि आंटीच्या टेबलाचा संबंध असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी जगभराच्या त्या यादीत बघितलं. अदलमचं प्रत्येक अक्षर तिथे आधीपासून होतं. आंटीच्या त्या 'ब'लासुद्धा स्वतःचा क्रमांक होता. कोणीतरी कधीतरी अर्ज केला असेल, नमुने पाठवले असतील, आणि त्या अक्षराला जागा मिळाली असेल. हे वाचताना मला कसं वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आपल्या गल्लीतल्या एखाद्या माणसाचं नाव सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं दिसावं, तसं काहीतरी. वर्कशॉपमधल्या डब्यांचाही उलगडा झाला. हे क्रमांक फार मोठे आहेत. बाबांच्या जुन्या सॉफ्टवेअरला एवढा मोठा क्रमांक एका घासात गिळता येत नव्हता, म्हणून ते त्याचे दोन तुकडे करायचं आणि एका अक्षराच्या जागी दोन डबे दाखवायचं.

बाबांना हे सांगायचं मला जड गेलं. त्यांनी इतक्या आवडीने केलेलं काम मी चुकीचं कसं म्हणणार? रविवारी जेवण झाल्यावर आई भांडी आवरत होती, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "बाबा, तुमची अक्षरं चांगली आहेत. फक्त ती दुसऱ्याच्या घरात राहतायत."

"म्हणजे?"

"ती इंग्रजी 'बी'च्या घरात आहेत. त्यांचं स्वतःचं घर आहे. तिथे न्यायला हवीत."

"कळ दाबल्यावर अक्षर येतं ना? मग घर कोणाचं का असेना."

"इथे येतं. तिकडे जात नाही."

बाबांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. आईच म्हणाली, "तुमच्या पत्रिकेचं झालं तसंच ना हे?"

मला ही गोष्ट माहीत नव्हती. बाबांनी स्वतःची लग्नपत्रिका स्वतः लावली होती. ती फाइल त्यांनी अनेक वर्षं जपली, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर घेत इथपर्यंत आणली. एकदा आईला दाखवायला म्हणून उघडली तर त्यात एच, डॉलर आणि कंस. तो जुना फॉन्ट आता कुठे मिळत नव्हता. दोघांची नावं, मुहूर्त, आजोबांचं नाव, सगळं त्यातच होतं, पण वाचता येत नव्हतं.

"मी म्हटलं होतं, आपलं लग्न डॉलरमध्ये झालं," आई म्हणाली.

बाबा हसले, पण मग टेबलावर बोट फिरवायला लागले. "माझं सगळं काम असंच गेलं," ते म्हणाले. चिडून नव्हे, हिशेब लागल्यासारखं. आणि मग, "लॅपटॉप आण. कुठे आहे यांचं घर?"

त्यानंतरचे रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले. मी क्रमांक वाचायचे, बाबा अक्षर उचलून त्या जागी ठेवायचे. हे वाटलं तितकं सोपं निघालं नाही. अदलममध्ये अक्षरं एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडायला लागतं. मध्ये आलं की आमचा तो 'ब' शेजाऱ्याला टेकायचाच नाही, बारीकशी फट राहायची. बाबा म्हणाले, बोर्डावर अशी फट राहिली तर पावसाचं पाणी शिरतं. त्यांनी अक्षराची शेपटी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि शेवटी आंटीला फोन लावला. "बहनजी, आपका हाथ यहाँ रुकता है कि चलता है?" पलीकडून आंटी म्हणाली, "चलता है, भाईसाहब. मैं किधर भी नहीं रुकती." मग बाबांनी हात न थांबवता ती रेघ काढली आणि फट बुजली.

मैत्रिणीने एक साधं वेबपान केलं आणि बाबांचा नवा फॉन्ट त्यातच घातला. जुन्या टॅबवर ते उघडायचं, खाली अदलमच्या कळा दिसतात, लिहायचं, आणि लिहिलेलं उचलून मेसेजमध्ये टाकायचं. आम्ही मुलांच्या एका जुन्या टॅबवर लिहून माझ्या नव्या फोनवर पाठवलं. आलं. पण तो फोन आमच्याच शेजारी होता. गिनीच्या फोनवर काय दिसेल ते कोण सांगणार?

सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार आला. आंटीने आम्हाला मुलं यायच्या आधीच बोलावलं होतं. बाबाही आले, फॉन्ट त्यांचा म्हणून. आंटी नेहमीसारखी थट्टा करत नव्हती.

"पहले मैं अकेली भेजूँगी," ती म्हणाली. "मेरी बहन को. अगर नहीं पहुँचा, तो मैं आज बच्चा लोग को खुद बोलूँगी, छुट्टी के बाद मत आना. सबके सामने दूसरी बार नहीं."

तिने तिच्या जुन्या फोनवर आमचं पान उघडलं आणि एका बोटाने हळूहळू लिहिलं. मैत्रिणीने वाचून सांगितलं, 'मुलं बरी आहेत, माझा फोन माझ्याकडेच आहे.' तो 'बिब्बे' शब्द त्यात होता, सगळी अक्षरं एकमेकांना टेकलेली. मग आंटीने ती ओळ उचलून बहिणीच्या मेसेजमध्ये टाकली आणि तिचा हात थांबला.

तिथे नुसते डबे होते. पान आमचं होतं म्हणून त्यात अक्षरं दिसत होती. मेसेज मात्र त्या जुन्या फोनचा होता आणि त्याच्याकडे ही अक्षरं नव्हती.

"ये तो डब्बा है," आंटी म्हणाली. "मैं अपनी बहन को डब्बा भेजूँ?"

मला उत्तर माहीत होतं. मागच्या वेळी इथे सुंदर दिसत होतं आणि आत भलतंच होतं. या वेळी इथे काही दिसत नव्हतं, पण आत बरोबर होतं. आंटीचा फोन दाखवू शकत नव्हता, तरी क्रमांक घेऊन जाणार होता. पण हे हिंदीत कसं सांगायचं ते मला जमेना. मी 'वो, मतलब' करत राहिले.

बाबा म्हणाले, "भेजो, बहनजी. डब्बे के अंदर अक्षर है. मेरी बेटी ने अपने हाथ से रखा है."

आंटीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बहुधा फार खात्रीने नाही. तिने पाठवलं.

मेसेज पोचल्याची खूण आली, मग वाचल्याची. मग काहीच नाही. आंटी उठून पुढच्या दुकानात गेली आणि घडी घातलेल्याच कापडाच्या पुन्हा घड्या घालत बसली. बाबा टेबलाखालच्या चिंध्या बघत होते. मैत्रिणीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी मनात इंग्लिशमध्ये, मराठीत, दोन्हींत काहीतरी म्हणत होते.

फोन वाजला तो व्हॉइस मेसेजचा. मला वाटलं, संपलं. वाचता आलं असतं तर तिने लिहिलं असतं. आंटी परत आली, तिने कळ दाबली आणि फोन टेबलावर ठेवला.

पलीकडे बाजाराचा गोंगाट होता, कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मग मावशीचा आवाज. ती फार सावकाश बोलत होती, मध्ये मध्ये थांबत होती. मला पुलार येत नाही, पण मधला एक शब्द मला ओळखू आला. ती श्वास आत घेऊन 'बिब्बे' म्हणाली. ती वाचत होती. तिच्या फोनवर अक्षरं उमटली होती. आंटीने पाठवलेली ओळ शब्दाशब्दाने मोठ्याने वाचून तिने परत पाठवली होती.

आंटीने ते पुन्हा ऐकलं. मग खुर्चीवर बसली, मोजपट्टी गळ्यातून काढून मांडीवर ठेवली आणि बाबांना म्हणाली, "भाईसाहब, चाय पियोगे?"

"पिऊँगा," बाबा म्हणाले.

मुलं आली तेव्हा आम्ही त्यांना काही समजावून सांगितलं नाही. आंटीने फक्त त्यांना टॅब काढायला लावले. या वेळी आईबाप दाराशीच उभे होते, आत यायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. मुलांनी लिहिलं, डबे पाठवले, डब्यांना हसली. मग उत्तरं यायला लागली. ती आंटीच्या आणि मुलांच्या जुन्या यंत्रांवर डब्यांतच दिसत होती, म्हणून मैत्रीण एकेक उचलून आमच्या पानात टाकत होती आणि पानात अक्षरं उमटत होती. कोणाच्या आजोबांनी विचारलं होतं, दात पडला का. कोणाच्या चुलतभावाने फुटबॉलवरून टोमणा मारला होता. एक मुलगा ते वाचायला स्टुलावर गुडघे टेकून पुढे वाकला, अडखळला, तर शेजारच्या मुलीने त्याच्याआधी वाचून टाकलं आणि दोघांचं भांडण लागलं. पुलारमध्ये. आंटीने ते सोडवलं नाही.

कार्गोवाल्यांची मुलगी तिच्या काकांना लिहीत होती. काकांचं उत्तर आलं ते बरंच लांब होतं. तिने ते वाचलं आणि वडिलांना म्हणाली, "पापा, ते तुम्हाला काहीतरी सांगतायत, पण मी सांगणार नाही." वडील आत आले. त्यांना ही लिपी येत नव्हती. ते मुलीच्या मागे उभे राहून टॅबकडे बघत राहिले आणि ती बोटाने ओळ दाखवत त्यांना वाचून दाखवायला लागली. काय होतं ते मी विचारलं नाही. मधेच ते हसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

निघताना ते आंटीपाशी थांबले. मैत्रीण माझ्या कानात भाषांतर करत होती.

"मादाम, सुट्टीनंतर धाकट्यालाही आणू का? लहान आहे अजून."

आंटी टॅबच्या वायरी गुंडाळत होती. तिने वर न बघता विचारलं, "बाथरूमला जायचं असलं तर सांगतो का?"

"सांगतो."

"कोणत्या भाषेत?"

त्यांनी जरा विचार केला. "इंग्लिशमध्ये."

"चालेल," आंटी म्हणाली. "आधी तेवढंच पुलारमध्ये शिकवू."